क्ष कोण, हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं

छत्तिसाव्या वर्षी मी गणित शिकायला बसले ते काही गणिताच्या प्रेमापोटी नाही. रागापोटी बसले.

फरीदाबादला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डिझाईन सेक्शनला होते. डिप्लोमावाली. माझं काम कंप्युटरवर ड्रॉइंग काढायचं, आणि कॉलेजातून ताजा बाहेर पडलेला एखादा इंजिनिअर आला की त्याला पंपाची आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली ते दाखवायचं. तो शिकला की माझा साहेब व्हायचा. असे बरेच साहेब मी स्वतःच्या हाताने घडवले. त्यातल्या शेवटच्याने माझ्या ड्रॉइंगमध्ये एक चूक काढली, जी चूक नव्हतीच, आणि वर म्हणाला, "मॅडम, इसके पीछे मैथ्स है, आप रहने दीजिए." घरी येताना कंपनीच्या बसमध्ये मी ठरवलं की या मॅथ्सचं मी काय घोडं मारलंय ते एकदा बघायचंच.

नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांसाठी संध्याकाळची इंजिनिअरिंग डिग्री देणारं एक कॉलेज तिथे जवळच होतं. पण सरळ प्रवेश नव्हता. आधी शनिवार-रविवार गणिताचा 'ब्रिज कोर्स', म्हणजे पूल, आणि पुलाच्या टोकाला परीक्षा. पास झालात तर डिग्रीच्या वर्गात, नापास झालात तर आलात तसे परत. कंपनी मला शनिवारी सोडायला तयार झाली, पण याच वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा विचारू नका, असं एचआरच्या बाईंनी हसत हसत सांगितलं. हसत सांगितलेलं ते लोक कधीही विसरत नाहीत.

वर्गात सगळे माझ्यासारखेच. मानेसरहून येणारे सुपरवायझर, वीज खात्यातले दोघं-तिघं, कोणाचे केस पिकलेले, बहुतेकांची पोटं बाकाला टेकणारी. शिकवायला आलेले सर मात्र वयाने आमच्यात सगळ्यात लहान. आम्ही त्यांना 'सर जी' म्हणत होतो आणि ते आम्हाला 'अंकल-आंटी' म्हणायचं कसंबसं टाळत होते. त्यांनी फळ्यावर पहिली ओळ लिहिली आणि म्हणाले, "माना एक्स." हिंदीतलं 'माना' म्हणजे गृहीत धरा, हे दिल्लीत वाढलेल्या माणसाला कळतंच. पण कान मराठी असला की 'माना' म्हणजे मानेचं अनेकवचन. सर जी 'माना' म्हणत आणि समोरच्या बाकांवरच्या सगळ्या माना एकदम हलत. कोणालाही काही कळत नव्हतं, हे मागच्या बाकावरून स्वच्छ दिसत होतं. माझीही मान हलत होती. त्या कामात मी लहानपणापासून तरबेज आहे.

पहिली छोटी टेस्ट झाली आणि मला भोपळा मिळाला. सर जी बिचारे ओशाळले, जणू तो त्यांनाच मिळाला होता. "मैडम, कोई बात नहीं. घर में किसी से बेसिक देख लीजिए." घरात बेसिक होतं. गाझियाबादच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उन्हात खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवत बसलं होतं. ते म्हणजे माझी आई.

आई सांगलीची, गणितात बी.एस्सी., तेही अशा काळात की तिच्या वर्गात मुली हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या. लग्न होऊन दिल्लीला आली आणि केंद्र सरकारच्या आकडेवारीच्या एका खात्यातून निवृत्त झाली. बाबाही सरकारीच, पण फायलींतले. आकडे आईचे, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. आणि तितकंच ठरलेलं दुसरं एक होतं, की मला गणित येत नाही. दहावीला माझी गणितात कंपार्टमेंट आली, म्हणजे तेवढ्या एका विषयाची परीक्षा पुन्हा द्यावी लागली. तेव्हा आईने एक वाक्य तयार केलं आणि पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, ऑफिसातल्या बायकांना ते वर्षानुवर्षं सांगितलं: "हिचं डोकं चित्राचं आहे." मठ्ठ या शब्दाला याहून सभ्य पर्याय मराठीत नसावा. त्या वाक्यावर मी डिप्लोमाला गेले, तिथलं गणित पाठांतरावर रेटलं, आणि पुढे जन्मभर रेघा मारल्या.

म्हणून मला त्या परीक्षेत डिग्रीपेक्षा दुसरंच काही हवं होतं. मी खरोखर मठ्ठ आहे की नाही, हे एकदा लेखी कळायला हवं होतं. लग्नाचा विषय आमच्याकडे संपला होता, माझ्या बाजूने लवकर आणि त्यांच्या बाजूने उशिरा, त्यामुळे मी तिघांच्या त्या घरातच राहत होते आणि शिकवणी टाळायला कुठे जागाही नव्हती.

"तुला मी शिकवायचं?" आई म्हणाली. "पुन्हा?"

"पुन्हा."

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला घेतला. हा तिचा होकार होता.

पहिली अडचण आकड्यांची आली. आईचं गणित मराठीत चालतं. माझं मराठी घरापुरतं, आणि घरात कोणाला एकोणनव्वद असं काही लागत नाही. वीसच्या पुढे मी आपोआप हिंदीत जाते, पन्नासच्या पुढे इंग्रजीत. आईने 'एकोणसाठ' म्हटलं की मी बेधडक एकोणसत्तर लिहायची. तिने 'त्रेसष्ट' म्हटलं की मी आधी हिंदीतला तिरसठ शोधायची, त्याचा इंग्रजी सिक्स्टी-थ्री करायची, आणि तोवर ती पुढच्या ओळीवर गेलेली असायची. शिवाय आईच्या शाळेत एक्स आणि वाय नव्हते. तिथे क्ष आणि य होते. दिल्लीच्या शाळेत मला क्ष भेटला तो फक्त क्षत्रियांमध्ये आणि क्षमायाचनेत, त्यामुळे त्याच्याबद्दल माझं मत तसंही बरं नव्हतं.

लहानपणी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्येही हेच व्हायचं. आई ऑफिसातून आली, पोळ्या झाल्या, की जेवायच्या टेबलावर गणित. ती बोलायला सुरुवात करायची, मी मान डोलवायची, ती पुढे जायची, आणि थोड्या वेळाने तिच्या कपाळावर आठी आणि माझ्या डोळ्यांत पाणी. मारलं तिने कधी नाही. ती नुसती गप्प बसायची आणि पेन्सिलीचं टोक बघायची. मला मारलेलं चाललं असतं.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही पुन्हा तशाच बसलो होतो. हीटर लावलेला, बाबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होते. आई म्हणाली, "आज साधंच घेऊ. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांपूर्वी ते चौपट होतं. तर मुलीचं आजचं वय काय? समजा..."

"हां," मी म्हटलं आणि मान डोलवली.

आई थांबली. "काय हां?"

"समजलं."

"काय समजलं? मी अजून काही सांगितलंच नाहीये."

मग माझं मलाच ऐकू आलं, मी काय म्हणाले ते.

हे जरा सावकाश सांगायला हवं. बाकी जगात 'समजा'चा अर्थ मला चांगला माहीत होता. समजा उद्या बस चुकली, समजा पाहुणे आले. पण गणिताच्या टेबलावर नाही. आमच्या घरातलं मराठी हिंदीत भिजलेलं, आणि आईची रागावण्याची भाषा तर निम्मी हिंदीच. "टीव्ही बंद म्हणजे बंद, समझा?" "उन्हात खेळायला जायचं नाही, समझा?" मुलीला 'समझी' म्हणायचं असतं ही अडचण आईला कधी आली नाही. हिंदीतल्या लिंगांच्या बाबतीत मराठी माणूस फार उदार असतो, त्यातही आई जास्त. तेव्हा पाचवी-सहावीत तिने टेबलावर पहिल्यांदा गंभीर चेहऱ्याने 'समजा' म्हटलं, तेव्हा मी तेच ऐकलं. झचा ज झालाय एवढंच वाटलं असेल. समझा? आणि धाक असलेली मुलं त्यावर जे करतात ते मी केलं. हो म्हटलं.

आता पुढचं वाक्य माझ्या कानांनी ऐकून बघा. आई म्हणायची, "समजा, क्ष हे मुलीचं वय आहे." मी ऐकायची, "कळलं ना? क्ष हे मुलीचं वय आहे." म्हणजे ही एक बातमी होती. क्ष कोण, हे आधीच कधीतरी ठरलेलं होतं, सगळ्यांना सांगून झालेलं होतं, नेमकी त्या दिवशी मी गैरहजर होते. आता विचारावं तर कसं? हो तर म्हणून बसलेली. त्यामुळे मी प्रत्येक गणितात क्ष आधीपासून माहीत असल्यासारखा चेहरा करून बसायची आणि आई तो चेहरा बघून पुढे जायची.

मी हे सगळं दोघांना सांगितलं. बाबा इतके हसले की मटार टेबलाखाली गेले. "म्हणजे ही तुला 'धरून चाल' म्हणत होती आणि तू हिला 'कळलं' म्हणत होतीस," ते डोळे पुसत म्हणाले. "आमचा संसारही असाच झाला बघ."

आई हसली नाही. "नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "शाळेत काय झालं मग? शाळेत तर मी नव्हते."

"शाळेत 'लेट एक्स बी' म्हणायचे."

"मग?"

"लेट म्हणजे उशीर. मला वाटायचं, एक्सही उशिरा आलाय."

बाबा पुन्हा टेबलाखाली गेले. मी विनोद केला खरा, पण त्यात फारसं खोटं नव्हतं. 'लेटेक्सबी' असा एक शब्द आमच्या मॅडम फळ्याकडे तोंड करून म्हणायच्या आणि आम्ही तो पूजेतल्या मंत्रासारखा उतरवून घ्यायचो. घरचा अर्थ डोक्यात पक्का असलेल्या मुलीने शाळेत नवा अर्थ कशाला शोधावा?

"विचारायचं होतंस," आई म्हणाली.

"काय विचारायचं? तूच म्हणत होतीस की मला समजलंय."

हसणं ओसरलं आणि मला राग आला. आईचा आला, माझा स्वतःचा आला, आणि हिंदी-मराठी या दोन्ही भाषांचा आला, ज्यांना एवढे शब्द सोडून नेमका हाच शब्द वाटून घ्यायचा होता. मी पेन उचललं आणि रागातच लिहिलं: समजा, मुलीचं वय क्ष. क्ष कोण ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं चालत होतं. माहीत नाही म्हणूनच तर त्याला क्ष म्हणायचं. हे एवढंसं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सगळ्यांनी सांगितलं होतं आणि मी हो म्हणून टाकलं होतं. आई तीन क्ष. पाच वर्षं मागे. दोन्हीकडे मांडलं, इकडचं तिकडे केलं, चिन्हं बदलली. उत्तर पंधरा आलं. आईने कागद स्वतःकडे ओढून तपासला, दोनदा तपासला, आणि "बरोबर आहे" असं म्हणाली ते कागदाकडे बघूनच.

त्यानंतरच्या शनिवारी सर जींनी 'माना' म्हटलं, माना हलल्या, आणि मी हात वर केला. "सर जी, कुछ नहीं समझी. शुरू से." सर जींचा चेहरा उजळला. त्यांना कित्येक आठवडे संशय येत होता, पण वडिलांच्या वयाच्या माणसांना 'तुम्हाला काही कळत नाही' असं कसं म्हणणार? माझ्यामागून मानेसरचा एक सुपरवायझर म्हणाला, "सर जी, मैं तो इसलिए चुप था कि मैडम को आता है." आम्ही सगळे एकमेकांच्या हलणाऱ्या मानांकडे बघून गप्प बसलो होतो. त्या दिवसापासून वर्ग खरा सुरू झाला आणि सर जींचा आवाजही मोठा झाला.

घरी आई रोज बसायची. वर्गसमीकरणं झाली, त्रिकोणमिती झाली. त्रिकोणमिती तर माझ्या हातात आधीपासूनच होती. मी इतकी वर्षं कोन काढत होते, फक्त साइन कोसाइन कंप्युटर आतल्या आत करायचा आणि मला सांगायचा नाही. आई शिकवताना आता 'समजा' म्हणायच्या ऐवजी 'धरून चाल' म्हणायची, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारायची, "काय कळलं ते मला सांग." तिच्या आवाजात पूर्वीचा कंटाळा नव्हता. त्याजागी एक जपून वागणं आलं होतं, आणि ते मला जास्त जड जात होतं.

कारण परीक्षा जवळ आली तशी मला वेगळीच भीती वाटायला लागली. शब्दाची ती गंमत मी ऑफिसात सांगितली होती, वर्गात सांगितली होती, सगळे हसले होते. पण आता ती सबब संपली होती. आता मला नीट शिकवलं जात होतं, नीट ऐकू येत होतं, आणि तरीही नापास झाले तर दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं. मग मी मठ्ठच. आधी निदान शंकेला जागा होती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आई म्हणाली, "नाही जमलं तरी काही बिघडत नाही हं." असं ती आयुष्यात कधी म्हणाली नव्हती. तिचं मन मऊ झालंय, असं मला वाटलं.

परीक्षेच्या दिवशी असलं धुकं होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. निम्मी मंडळी उशिरा आली आणि पर्यवेक्षकांनी दया दाखवून पेपर थोडा उशिरा वाटला. पेपर सोपा नव्हता. एक प्रश्न टाकी भरणाऱ्या दोन नळांचा होता, आणि शाळेत याच नळांनी मला बुडवलं होतं. मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग एका नळाला लागणारा वेळ एक्स धरला, आणि पुढच्या ओळी एकीतून एक येत गेल्या. मधे कुठेतरी मला चक्क मजा आली. ही गोष्ट मी पुढे बरेच दिवस कोणाला सांगितली नाही, कारण गणितात मजा येणाऱ्या माणसांना मी इतकी वर्षं नावं ठेवली होती.

निकाल फोनवर आला. मी तेव्हा घरातच होते, आई भाजी निवडत होती, बाबा पेपर वाचत होते. मी पास झाले होते. काठावर नाही, चांगली पास. वर्गातल्या बहुतेकांपेक्षा वर. मी फोन आईपुढे धरला. तिने हात पुसले, चष्मा लावला, आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"चांगले आहेत मार्क," ती म्हणाली. मग खाली बसली. "एक सांगू का? तू नापास झाली असतीस तर मला जरा बरं वाटलं असतं."

"अगं, काय बोलतेस तू," बाबा म्हणाले.

"खरं तेच बोलतेय. नापास झाली असती तर माझं बरोबर होतं असं तरी झालं असतं. हिला येत नव्हतंच, मी तरी काय करणार, असं म्हणता आलं असतं." तिने चष्मा काढला. "आता मी काय म्हणू? पोरीला येत होतं. मीच सगळ्यांना सांगत फिरले की येत नाही."

मला तिच्यावर चिडायचं होतं. त्यासाठी याहून चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. पण मी तोंड उघडलं आणि निघालं ते वेगळंच.

"मलाही," मी म्हटलं. "मलाही बरं वाटलं असतं."

आणि ते खरं होतं. मठ्ठ माणसाचं काही गेलेलं नसतं. त्याला जे मिळालं ते त्याच्या मापाचं असतं. मला येत होतं हे कळलं त्या क्षणी आधीची सगळी वर्षं एकदम माझ्या अंगावर आली, ती नोकरी, त्या रेघा, ते 'आप रहने दीजिए', आणि त्यातलं काहीच तसं व्हायला हवं होतं असं नव्हतं. आई रडत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि मीही रडले, आणि बाबा पेपर धरून तसेच बसून राहिले. आमच्या घरातलं ते पहिलं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन. त्या दिवशी पेढे आणायचं कोणाच्याही लक्षात आलं नाही.